बाबेलमध्ये कोल्हे नक्की कधी आले? यशया १३ आणि कोरेश, मदत करा

नगरचा_संडेस्कूलवाला

सगळ्यांना सलाम. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी आमच्या मंडळीत संडेस्कूलला मोठ्या मुलांचा वर्ग घेतो, आठवी ते दहावी, म्हणजे "पवित्र शास्त्रात लिहिलंय म्हणून" एवढ्यावर भागत नाही, लगेच मोबाईल निघतात. सध्या संदेष्टे चालू आहेत आणि गेल्या रविवारी बाबेल होतं, म्हणजे इराकमधलं जुनं बॅबिलॉन. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा १३ वा अध्याय काढला, मी पण जरा रंगात येऊन वाचलं, की सगळ्या राज्यांचं भूषण असलेलं बाबेल देवाने भस्म केलेल्या सदोम गमोऱ्यासारखं होईल, तिथे पिढ्यानपिढ्या कोणी राहणार नाही, अरब तंबू ठोकणार नाही, मेंढपाळ कळप बसवणार नाही, त्यांच्या वाड्यांमध्ये कोल्हे न् तरस ओरडतील. वर्ग एकदम चिडीचूप. मला वाटलं जमलं आज. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी म्हणते, "सर, पण इथे तर लिहिलंय की इराणच्या कोरेश राजाने, म्हणजे सायरसने, बाबेल न लढताच घेतलं आणि मोडतोड काहीच केली नाही. मग कोल्हे कधी आले?"

"पुढच्या रविवारी सांगतो" म्हणून मी वेळ मारून नेली. पण खरं सांगू का, हा प्रश्न माझ्याच डोक्यात २०१४ पासून पडलाय. तेव्हा मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कोरेशचं ते मातीचं सिलिंडर आलं होतं, लंडनहून, मी जानेवारीत मुद्दाम एसटीने गेलो बघायला. मला वाटलेलं काहीतरी मोठा खांब बिंब असेल. काचेच्या आत वीतभर लांबीची वस्तू, मधे फुगलेली, ढोलकीसारखी, एका बाजूचा तुकडाच नाही, आणि अंगभर अक्षरं इतकी बारीक की मुंग्या चालून गेल्यासारखी. आजूबाजूला पारशी कुटुंबं, एक म्हातारे गृहस्थ तर हात जोडून उभे होते. आणि बाजूला लिहिलेलं वाचलं तर कोरेश म्हणतोय, बाबेलच्या मर्दुक देवाने मला निवडलं, माझा हात धरला आणि लढाई न होता बाबेलमध्ये नेलं. यशया ४५ मध्ये हेच आहे ना हो, परमेश्वर म्हणतो मी कोरेशचा उजवा हात धरलाय आणि त्याच्यापुढे दारं उघडणार! मी परत येताना पनवेलपर्यंत तोच विचार करत होतो.

तर प्रश्न असा, की यशया १३ आणि यिर्मया ५०-५१ मध्ये जो नाश सांगितलाय, तटबंदी जमीनदोस्त, आग, रक्त, तो इ.स.पू. ५३९ ला झाला की नाही झाला? नसेल झाला तर मुलांना काय सांगू? पाळकसाहेबांना विचारलं तर म्हणाले "देवाचा एक दिवस हजार वर्षांसारखा". ते ठीक आहे पण ती मुलगी ऐकणाऱ्यातली नाही.

---

विटा_आणि_माती

मी ख्रिस्ती नाही, पण मेसोपोटेमियाचं वेड आहे म्हणून लिहितो, श्रद्धेच्या बाजूचं इथली इतर मंडळी सांगतील.

तुमची विद्यार्थिनी बरोबर आहे. कोल्हे कोरेशबरोबर आले नाहीत, ते सावकाश आले, पाचशे-सहाशे वर्षं लागली त्यांना.

५३९ चं काय झालं ते आपल्याला बऱ्यापैकी नीट माहिती आहे कारण बाबेलच्याच लोकांनी ठेवलेली एक नोंदवही आहे, मातीच्या पाटीवरची, त्यात नबोनिदस राजाच्या वर्षांच्या नोंदी आहेत. हा शेवटचा राजा. यरुशलेम पाडणाऱ्या नबुखद्नेस्सर राजाचा रक्ताचा वारस नव्हता, आणि दहाएक वर्षं राजधानी सोडून अरबस्तानात तैमा नावाच्या ओअ‍ॅसिसमध्ये जाऊन बसला होता, घर मुलावर टाकून. मुलगा म्हणजे तुमचा दानीएलच्या पुस्तकातला बेलशस्सर. म्हणूनच बेलशस्सर दानीएलला "राज्यात तिसरा" करतो म्हणतो, दुसरा का नाही, तर दुसरा तो स्वतःच. हे मला फार आवडतं, कारण दानीएलच्या पुस्तकात नबोनिदसचं नावही नाहीये, पण हिशेब मात्र बरोबर बसतो. (त्याच पुस्तकातला दारयावेश मेदी मात्र बाहेर कुठल्याच पाटीवर सापडत नाही, तोही मुद्दा एक दिवस ती मुलगी काढणार, तयारीत राहा.)

तर नोंदवही म्हणते की तिश्री महिन्यात तैग्रीसवरच्या ओपिस गावापाशी लढाई झाली आणि तिथे कापाकापी झाली, लूट झाली. म्हणजे "न लढता" हे फक्त शहरापुरतं खरं, "कोरेश किती सज्जन" असं जे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते अर्धवट आहे. मग १४ तारखेला सिप्पार पडलं, आणि १६ ला, म्हणजे आपल्या हिशेबाने १२ ऑक्टोबरला, त्याचा सरदार उग्बारू फौजेसह बाबेलमध्ये शिरला, लढाई नाही. स्वतः कोरेश सतरा दिवसांनी आला, रस्त्यात त्याच्यापुढे हिरव्या फांद्या टाकल्या. देवळात पूजाअर्चा एक दिवस खंडली नाही. आगबिग काही नाही.

पुढे मात्र घसरण. इराणचा नंतरचा राजा दारयावेश (मेदी नव्हे, हा वेगळा) याच्या सुरुवातीला बंडं झाली ती चिरडली, त्याचा मुलगा झर्क्सिसच्या वेळी ४८४ ला परत दोन बंडं, त्यानंतर बऱ्याच जुन्या घराण्यांचे कागद, म्हणजे पाट्या, एकदम बंद होतात. अलेक्झांडर आला ३३१ ला, त्याला ही राजधानी करायची होती म्हणतात, पण ३२३ ला तिथेच नबुखद्नेस्सरच्या राजवाड्यात मेला. मग त्याच्या सरदाराने सेल्युकसने तैग्रीसवर नवीन शहर बांधलं सेल्युकिया, आणि बाबेलचा बाजार उठला. शेवटी नुसते देऊळ सांभाळणारे पुजारी न् आकाशाच्या नोंदी करणारे ज्योतिषी उरले. बाबेलची शेवटची पाटी इ.स. ७५ च्या सुमाराची, ग्रहताऱ्यांचीच. इ.स. ११६ ला रोमचा त्राजान बादशहा हौसेने बघायला गेला तर म्हणे ढिगारे न् दगड, बाकी काही नाही. आता कोल्हे म्हणा.

आणि विटा! शहर पडलं पण विटा पक्क्या भाजलेल्या, लोकांनी शेकडो वर्षं उचलून नेल्या, शेजारचं हिल्ला शहर बरंचसं त्याच विटांचं. नबुखद्नेस्सरचा शिक्का असलेल्या विटा कुणाच्यातरी गोठ्याच्या भिंतीत.

---

जागे_राहा

बंधूंनो या इतिहासाच्या घोळात पडू नका. भविष्यवाणी अजून पूर्ण व्हायचीच आहे हे सरळ उत्तर आहे. यशया १३ मध्ये "परमेश्वराचा दिवस" म्हटलंय, सूर्य चंद्र काळे होतील म्हटलंय, ते झालंय का? नाही. म्हणजे बाबेल परत उभं राहणार आणि एका तासात पडणार, बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याचा १८ वा अध्याय वाचा. सद्दामने बांधायला घेतलंच होतं. आणि काही सेवक सांगतात की आजचं बाबेल म्हणजे अमेरिका, न्यूयॉर्कचा बंदर, तो पुतळा, सगळं जुळतं. यशया १४ मधला लुसिफर त्यामागे आहे. जागे राहा.

---

विटा_आणि_माती

सद्दामचं खरं आहे की त्याने ८० च्या दशकात नबुखद्नेस्सरच्या राजवाड्याच्या जुन्या पायावर नव्या पिवळ्या भिंती चढवल्या आणि विटांवर स्वतःचं नाव छापून घेतलं, नबुखद्नेस्सरने छापलं होतं म्हणून. शेजारी टेकडी करून स्वतःचा महाल. पुरातत्त्ववाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. २००३ नंतर तिथे परदेशी फौजेचा तळ पडला, हेलिकॉप्टर उतरवायला जागा सपाट केली, वाळूच्या पोत्यांत उत्खननाची माती भरली. २०१९ ला युनेस्कोच्या यादीत गेलं. सध्या तिथे तिकीट काढून सहली जातात, अवशेषांना लागून गावं आहेत, खजुरीच्या बागा आहेत. म्हणजे "एका तासात पडायला" आत्ता तिथे तिकीट खिडकी आहे फक्त.

रागावू नका, पण ९० साली सद्दाम होता, आता अमेरिका, हे जुळवणं कधी थांबतच नाही.

---

आजीची_नात

मी थिऑलॉजीला दोन वर्षं हिब्रू केलंय, मोडकं तोडकं, आता पुण्यात बँकेत आहे 😀 तरी लिहिते.

जागे राहा काका, तुमचा एक मुद्दा मला मान्य आहे आणि एक अजिबात नाही. मान्य हा, की यशया १३ मध्ये एका शहरापेक्षा मोठं काहीतरी बोललं जातंय. अमान्य हा, की लुसिफर. १४:४ मध्येच सांगितलंय की हे बाबेलच्या राजाला टोमणा मारणारं गाणं आहे. हिब्रूत "हेलेल बेन शाहर", पहाटेचा तेजस्वी तारा, म्हणजे आपला शुक्र, उगवतो झोकात आणि सूर्य आला की पुसला जातो. लॅटिन भाषांतरात त्याला लुसिफेर शब्द आला, तोही पहाटेच्या ताऱ्याचाच शब्द, सैतानाचं नाव तो नंतर झाला. आणि ते गाणं काय भारी आहे बघा ना, राजा मेल्यावर अधोलोकात जातो तर आधी मेलेले राजे आपापल्या सिंहासनावरून उठून त्याला म्हणतात, अरे, तू पण आमच्यासारखाच झालास की! खाली अंथरूण अळ्यांचं, पांघरूण किड्यांचं. सासरी नव्याने आलेल्या तोऱ्यातल्या सुनेला जुन्या सुना जसं बघतात तसं मला वाटतं ते.

काही अभ्यासक म्हणतात हे गाणं मूळ अश्शूरच्या (असिरियाच्या) सर्गोन राजावरचं असेल, कारण तो इ.स.पू. ७०५ ला आताच्या तुर्कस्तानात लढाईत मेला आणि त्याचं प्रेतसुद्धा मिळालं नाही, आणि गाण्यातला राजा "कबर न मिळता टाकून दिलेला" आहे. पक्कं नाही, पण मला पटतं. कारण संदेष्ट्यांची गाणी अशीच वापरली जायची, एका गर्विष्ठावर रचलेलं दुसऱ्याला लावायचं. आपल्याकडे पोवाड्याची चाल बदलत नाही, नाव बदलतं.

आता सर तुमचा मूळ प्रश्न. झालं की नाही? जसं लिहिलंय तसं, त्या वर्षी, नाही झालं. हे मुलांना सरळ सांगा असं माझं मत. लपवलं तर गूगल सांगणारच आहे. मुळात शास्त्रालाच त्याचा त्रास होत नाहीये हे बघा. योना संदेष्टा अश्शूरच्या निनवे शहरात जाऊन ४० दिवसांचा वायदा देतो, लोक पश्चात्ताप करतात, नाश टळतो, आणि योना रुसून बसतो की माझा शब्द खोटा पडला. यहेज्केल सोर (टायर) शहराबद्दल २६ व्या अध्यायात सांगतो की नबुखद्नेस्सर ते लुटेल, आणि २९ व्या अध्यायात स्वतःच लिहितो की त्याच्या सैन्याची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण सोरेतून मजुरी काही सुटली नाही, म्हणून देव त्याला मिसर (इजिप्त) देतो. हे कुणी खोडून टाकलं नाही! दोन्ही अध्याय एकाच पुस्तकात ठेवले. सांगितलेला निकाल फिरू शकतो हे यिर्मया १८ मध्ये कुंभाराचं चाक दाखवूनच सांगितलंय.

आणि कोल्हे, तरस, घुबडं ही त्या काळची ठरलेली भाषा आहे, शापाची. तहात सुद्धा लिहायचे की तह मोडलास तर तुझ्या शहरात रानटी जनावरं राहतील. आपल्याकडे "घरावर गाढवाचा नांगर फिरवीन" म्हणतात तेव्हा कोणी गाढव मोजायला जात नाही (खरा फिरवला होता पुण्यात तो वेगळा विषय 😅).

आता माझा लाडका अध्याय, यशया ४७. यात बाबेल बाई आहे, राणी. तिला म्हणतात खाली उतर, धुळीत बस, सिंहासन नाही आता, जातं घे आणि पीठ दळ. बुरखा काढ, घागरा वर खोच, पाय उघडे टाकून नद्या ओलांड. आपण मराठी माणसं "जातं" वाचलं की गोल जातं डोळ्यासमोर आणतो, खुंटा धरून दोघी समोरासमोर, ओव्या. तसं नव्हतं ते. त्या काळचं तिकडचं दळण म्हणजे एक लांबट खोलगट दगड जमिनीवर आणि वरून दुसरा दगड दोन हातांनी पुढे-मागे, गुडघ्यांवर बसून. आपल्या पाट्या-वरवंट्याच्या जवळचं. माझी आजी घोडनदीची, लग्नघरात पुरणाचं वाटायला बसायची तर तिच्या दोन्ही गुडघ्यांना कायमचे काळे घट्टे होते, मऊ साडीतून पण दिसायचे. आता विचार करा, हे रोज, सगळ्या वाड्याचं पीठ. ते काम कुणाचं? निर्गम ११ मध्ये फारोच्या सिंहासनापासून "जात्यामागच्या दासी"पर्यंत म्हटलंय, म्हणजे ही सगळ्यात वरची आणि ही सगळ्यात खालची. शमशोनाला पण डोळे फोडून दळायलाच बसवलं. म्हणजे ४७ मध्ये शहर जळत नाही (आग आहे ती ज्योतिष्यांना धसकटासारखी जाळणारी), कोल्हे नाहीत, तट पडत नाही. बाई फक्त गुडघ्यावर येते. आणि का, तर ती दोनदा म्हणते "मीच आहे, माझ्याशिवाय दुसरी कोणी नाही", मी कधी विधवा होणार नाही, माझी लेकरं मरणार नाहीत. तो शब्द देवाचा आहे हो, ४५ व्या अध्यायात देव म्हणतो मीच आहे, दुसरा कोणी नाही. बाईने तो उचलला. गुन्हा तेवढा एकच नाही, ४७:६ मध्ये अजून एक आहे, माझे लोक तुझ्या हाती दिले तर तू म्हाताऱ्यांवर पण जड जू ठेवलंस. म्हणजे शिक्षा द्यायला देवानेच बोलावलं होतं, पण मारणाऱ्याचा हात थांबेना. यशया १० मध्ये अश्शूरला तेच, तू माझी काठी आहेस, कुऱ्हाड काय तोडणाऱ्यापुढे फुशारकी मारते का.

हे जर बघितलं तर ५३९ ला झालं का? राणी खाली बसली की. नंतर कधीच उठली नाही. नबोनिदसनंतर त्या गादीवर बाबेलचा स्वतःचा राजा टिकलाच नाही, बंडात आले ते काही महिन्यांचे.

एक गोष्ट मुलांना सांगायची का नाही ते तुम्ही ठरवा. यशया १३:१६ आणि स्तोत्र १३७ चा शेवट. बाळं आपटण्याचं. १३७ आपण चर्चमध्ये गातो ते "बाबेलच्या नद्यांकाठी"पासून आणि शेवटच्या ओळीआधी थांबतो, मी तरी कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. मला ते देवाचं मत वाटत नाही, बाबेलने इ.स.पू. ५८६ ला यरुशलेम पाडलं तेव्हा ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तसं होताना पाहिलं त्यांचा तो आक्रोश आहे. पण वाचताना पोटात गोळा येतो, आणि यायलाच पाहिजे.

खूप झालं, बॉस बघतोय.

---

सोपाऱ्याची_पोर

वाह ताई, जात्याचं कधी असं वाचलंच नव्हतं.

मी वसईची, कॅथलिक, आमच्याकडे प्रकटीकरण फारसं कोणी काढत नाही पण मी १८ वा अध्याय मुद्दाम वाचते, का ते सांगते. तिथे जे बाबेल आहे ते रोमच, सात डोंगरांवर बसलेली बाई म्हटलंय १७ मध्ये, आणि बाबेल म्हणायचं कारण पण सोपं आहे, बाबेलने यरुशलेमचं पहिलं मंदिर पाडलं, रोमने इ.स. ७० ला दुसरं. ती पडल्यावर रडतं कोण तर राजे, व्यापारी आणि खलाशी, तिघंही "दूर उभे राहून". आणि व्यापारी का रडतात, तर आता आमचा माल कोण घेणार! मग सगळी बिलबुकाची यादी दिलीय, सोनं, चांदी, रत्नं, मोती, तागाचं तलम कापड, जांभळं, रेशीम, हस्तिदंत, दालचिनी, धूप, गहू, घोडे, आणि अगदी शेवटी गुलाम, "माणसांचे जीव". पिठाच्या आणि गुरांच्या खाली माणसं.

ही यादी मला घरची वाटते. त्याच शतकातली एका ग्रीक व्यापाऱ्याची लिहून ठेवलेली माहिती आहे, पेरिप्लस म्हणतात, त्यात आमच्या सोपाऱ्याचं नाव आहे, कल्याणचं आहे, पैठण आणि तेरहून बैलगाड्यांनी कापड न् माल भडोचला जायचा ते आहे, भडोचहून हस्तिदंत, रेशमी कापड जहाजात चढायचं. म्हणजे प्रकटीकरण लिहिणारा योहान पात्म बेटावर बसून जी यादी करतोय त्यातली एखादी गाठोडी आपल्या घाटावरून उतरलेली असू शकते. नालासोपारा स्टेशनला लोकल पकडताना मला हे आठवतं, हसू नका.

म्हणून मला "अमेरिका म्हणजे बाबेल" वाल्यांचं असं वाटतं की बाबेल नेहमी लांबच असतं त्यांचं. यादीत आपण पण आहोत, माल विकणाऱ्यांत.

---

जागे_राहा

ताई मुद्दा चांगला मांडला. ४७ वा अध्याय आज परत वाचला. तरी शेवटच्या काळाबद्दल माझं मत तेच आहे.

---

नगरचा_संडेस्कूलवाला

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मी वहीत उतरवून घेतलंय. वर्गात सरळ सांगायचं ठरवलंय, "तुझं बरोबर आहे" इथून सुरुवात.

पण नुसतं बोलून मुलं कंटाळणार. यिर्मया ५१ च्या शेवटी एक गोष्ट आहे ती करून दाखवावी म्हणतो. यहूदाचा सिद्कीया राजा आपल्या चौथ्या वर्षी बाबेलला जातो, बरोबर सराया म्हणून त्याचा माणूस असतो. यिर्मया बाबेलवरची सगळी अरिष्टं एका गुंडाळीत लिहून त्याला देतो, की तिथे पोचलास की मोठ्याने वाच, आणि वाचून झालं की गुंडाळीला दगड बांध आणि फरात नदीत टाक, आणि म्हण बाबेल असंच बुडेल. गंमत अशी की तोच यिर्मया इकडे लोकांना सांगत होता नबुखद्नेस्सरापुढे मान वाकवा, तो देवाचा सेवक आहे! म्हणजे वरून जू घ्या म्हणायचं आणि त्याच तोंडाने तिकडे नदीत दगड. आणि प्रकटीकरण १८ मध्ये देवदूत जात्याएवढा दगड समुद्रात टाकतो ते इथूनच आलं असणार.

आजीची_नात ताई, ते शेशख काय आहे ५१:४१ ला? टीपेत बाबेलचं दुसरं नाव एवढंच आहे.

---

आजीची_नात

ते कोड आहे! आपण लहानपणी च ची भाषा बोलायचो ना तसं. हिब्रू अक्षरं २२, पहिल्याच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं, असं उलटं लावायचं. ब-ब-ल चं होतं श-श-ख. मुलांना पाटीवर मराठी बाराखडीने करायला द्या, अर्धा तास शांतता मिळेल. पण त्याच वचनात पुढे बाबेल नाव उघड लिहिलंय, त्यामुळे लपवण्यासाठी नव्हतंच ते, नुसती मजा असावी, ज्याला घाबरायचं त्याचं नाव वेडंवाकडं करायची मजा.

दगडाची आयडिया मस्त. जात्याबद्दल एक, प्रकटीकरणातलं मात्र गोल मोठं जातं, गाढवाने फिरवायचं, तोपर्यंत ती आली होती.

---

विटा_आणि_माती

कोडावरून आठवलं, बाबेलवाल्यांकडे पण असाच आकड्यांचा खेळ आहे. अश्शूरच्या सन्हेरीबने इ.स.पू. ६८९ ला बाबेल खरंच उद्ध्वस्त केलं होतं, स्वतःच लिहून ठेवलंय त्याने, घरं जाळली, मधून कालवे खणले आणि पाणी सोडलं, परत जागा ओळखू येऊ नये म्हणून. म्हणजे यशयाच्या पुस्तकातला नाश कोरेशच्या दीडशे वर्षं आधी एकदा होऊन गेला होता! मग त्याचा मुलगा एसर-हद्दोन शहर परत बांधायला निघाला, पण मर्दुकाने म्हणे ७० वर्षं ओसाड राहील असा निकाल लिहिला होता. आता काय करायचं? तर पाटीवर लिहून ठेवलंय की मर्दुकाला दया आली, त्याने आकडा उलटा केला आणि अकराव्या वर्षी परवानगी दिली. त्यांच्या लिपीत ७० म्हणजे एक उभी खूण आणि मग एक कोनाची, जागा बदलल्या की ११. आपल्या २१ चे १२ केल्यासारखं. निकाल फिरवायला देवाला पण कागदोपत्री सोय लागते.

आणि हो, सिद्कीयाच्या चौथ्या वर्षाला बाबेल जोरात होतं, यरुशलेम पडायला अजून सातएक वर्षं होती. सरायाने दगड टाकला तेव्हा काठावरच्या कोणाला ते खरं वाटलं असेल असं वाटत नाही मला.

---

नगरचा_संडेस्कूलवाला

अपडेट, सोमवार.

काल केलं. नदी नाही आमच्याजवळ, कंपाउंडमधल्या विहिरीवर जाळी आहे, म्हणून माळीदादांची बागेला पाणी घालायची टाकी वापरली, त्यांनी आधी शिव्या घातल्या मग तेही बघत उभे राहिले. खिडकीजवळच्या त्याच मुलीला सराया केलं. तिने कार्डशीटवर स्केचपेनने ५१ मधली वचनं लिहून आणली होती, ती मोठ्याने वाचली, गुंडाळी करून सुतळीने अर्धी वीट बांधली. पहिल्यांदा सुतळी सैल पडली, वीट खाली गेली आणि बाबेलची अरिष्टं वर तरंगत राहिली, निळी शाई पाण्यात सुटायला लागली, मुलं हसून हसून लोळली. दुसऱ्यांदा माळीदादांनी गाठ मारून दिली, बुडली.

मग जाळीवर बसून सगळं सांगितलं, ५३९, ओपिस, सिलिंडर, कोल्हे उशिरा आले ते, जात्याचं, सोपाऱ्याचं पण. "जसं लिहिलंय तसं त्या वर्षी झालं नाही" म्हणालो तेव्हा मलाच जरा धडधडलं पण आभाळ काही कोसळलं नाही. एकाने विचारलं की मग बाबेलच्या लोकांना कळलं तरी का की त्यांना शिक्षा झाली, त्यांनी तर फांद्या टाकल्या स्वागताला. त्यावर मी गप्पच.

निघताना ती मुलगी परत आली, हाताला निळी शाई. म्हणते, "सर, सरायाने गुंडाळी बुडवली तर मग ती आपल्याला वाचायला कशी मिळाली?"

यिर्मया ३६ काढून ठेवलंय, यहोयाकीम राजा यिर्मयाच्या गुंडाळीची पानं कापून शेगडीत जाळतो आणि बारूख परत सगळं लिहून काढतो ते. पण शेगडी चर्चच्या आवारात पेटवायला माळीदादा देतील असं वाटत नाही.